अमुकवाडीच्या पालखीचा दांडा

आणि वर म्हणे, "प्रत्यक्ष शिकवा!" प्रत्यक्ष! अहो, ज्यानं कुणी हा शब्द काढला ना, त्याला एकदा धरून आणा, उतेकर सरांच्या खाटेशेजारी उभा करा आणि दाखवा... हा बघ डावा हात, कोपरापासून मनगटापर्यंत प्लास्टर, ही भुवई, टाके घातलेली, हा गुडघा, दुधी भोपळ्यासारखा, आणि ही पाठ! पाठीवर बाकाच्या कडेचा असा काही वळ की दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, "एसटीखाली आलात का हो?" आणि सर काय म्हणाले असतील? कण्हत कण्हत म्हणाले, "नाही हो... आर्थिक साक्षरता शिकवत होतो."

आर्थिक साक्षरता! तुम्हाला सांगतो, कुस्ती शिकवताना माणूस जायबंदी झाला तर समजू शकतो, गाडी शिकवताना झाला तर समजू शकतो, पण बचत आणि गुंतवणूक शिकवताना? काही म्हणा, ऑनलाइनला हाड मोडत नाही!

आता हे सहदेव उतेकर कोण, ते सांगतो, म्हणजे हसायचं की हळहळायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मूळचे पोलादपूरकडचे, राहायला महाडात, आणि महाडातल्याच एका कॉलेजात, नाव नको, उगाच वर्गणी मागायला येतील... तर त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे काय, तर जेवढे तास घेतले तेवढा पगार, आणि सुट्टी लागली की सर वाऱ्यावर. वर्षानुवर्षं असंच. तास गेले की काय करायचं, हे मात्र ठरलेलं होतं. मेहुण्याचं टाइल्सचं दुकान. मेहुणा वाटच बघत होता. "या ना प्राध्यापक, ही शहाबादी पुसायला घ्या, हिच्यात तुमचं तोंड दिसलं पाहिजे!" हे वाक्य तो लग्नापासून तयार ठेवून बसलाय. सरांना रात्री स्वप्नात फरशा दिसायच्या.

आणि अशात आला हा विषय. विद्यापीठानं आर्थिक साक्षरता सक्तीची केली, कॉलेजात खोली रिकामी नव्हती, म्हणून प्राचार्य म्हणाले, "उतेकर, तुम्ही ऑनलाइन घ्या." दोन-तीन वर्षं काय सुख होतं महाराजा! वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी. बाजूला चहा. पडद्यावर काळे काळे चौकोन, जशी काय विझलेल्या खिडक्यांची चाळ. सर चक्रवाढ व्याज सांगतायत, आणि कुणी हूं नाही की चूं नाही! पोलादपूरपलीकडचा राहुल, त्याला घरात रेंज नाही म्हणून फणसावर चढून बसायचा, एकदा तर तासाला हजर राहून फणस काढून खाली उतरला, सरांना वाटलं कसला तो धप्प आवाज. नाते गावचा मुसैब फोन चालू ठेवून मामाच्या ट्रकमध्ये बसून कशेडी घाट उतरायचा, त्याच्या चौकोनातून हॉर्न यायचा तोच काय तो प्रतिसाद. वरंधची तेजश्री, तिच्या चौकोनातून एकदा तिच्या आईचा आवाज आला, "गो तेजू, कोन बडबडतोय गो ह्यो मघापास्नं? घसा बसंल त्येचा. बंद कर त्येला!" आणि तिनं केला की हो बंद! बस्स. संपलं. ऑनलाइनला जास्तीत जास्त हिंसा काय होऊ शकते? म्यूट! एक बोट दाबलं, माणूस गप्प. रक्त नाही, पट्टी नाही, काही नाही. "काही शंका?" "नो सर." "समजलं?" "येस सर." कुणाला काय समजलं ते देवाला ठाऊक, पण सगळी आरती म्हटल्यासारखी एका सुरात "येस सर"!

पण सुख बघवतं का कुणाला? एके दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. प्राचार्य हळू बोलायला लागले की समजायचं, आपलं काहीतरी गेलं. म्हणाले, "उतेकर... विद्यापीठाची समिती येतेय. त्यांना हा विषय प्रत्यक्ष वर्गात हवाय. प्रात्यक्षिकासकट. विद्यार्थ्यांचा सहभाग दिसला तर तास चालू, नाही दिसला तर..." सरांना समोर शहाबादी दिसली. तिच्यात स्वतःचं तोंडसुद्धा दिसलं!

झालं. लॅबच्या वेळा मागेपुढे करून एक वर्ग मोकळा केला, काळे चौकोन हाडामांसाचे होऊन समोर येऊन बसले, आणि सर बघतात तर काय, प्रत्यक्षातसुद्धा चौकोनच! मागच्या बाकावर घोरणारे, मधल्या बाकावर फोन बघणारे, पुढच्या बाकावर भक्तिभावानं फळ्याकडे बघत मनात भलतंच काहीतरी चाललेले. शेअर बाजार सांगितला, जांभई. म्युच्युअल फंड सांगितला, जांभई. महागाईचा दर सांगितला तर राहुल म्हणतो, "सर, वडापाव किती झालाय त्ये आमाला म्हायती हाय, पुढं सांगा." सहभाग? अहो, त्या वर्गात भिंतीवरची पाल जास्त सहभागी होती!

सर घरी आले, सगळं गाऱ्हाणं सांगितलं. बायको, आम्रपाली वहिनी, साधी सरळ बाई, ती म्हणाली, "अहो, त्या पोरांना मुंबईचा शेअर बाजार काय सांगता? त्यांना ओळखीचं असं काहीतरी घ्या की!" आणि तुम्हाला सांगतो, सरांच्या डोक्यात वीज चमकली. ती तिथंच विझली असती तर आज हात शाबूत असता! पण नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले, फळ्यावरचं पुसलं आणि मोठ्ठं लिहिलं... मंडळ.

अहो, वर्ग उठून बसला! घोरणारासुद्धा! कारण तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे महाड-पोलादपुरात गाव तिथं मंडळ. एक गावाचं, एक त्याच गावाचं मुंबईचं. मुंबईनं पैसे पाठवायचे, गावानं ते खर्चायचे, आणि मे महिन्यात देवळाच्या मंडपात सभा भरवून दोघांनी एकमेकांची गचांडी धरायची. सर म्हणाले, "आपण एक काल्पनिक मंडळ करू. काल्पनिक वर्गणी, काल्पनिक खर्च, ताळेबंद मात्र खरा मांडायचा. गावाचं नाव, समजा, अमुकवाडी."

लगेच राहुलचा हात वर. "सर, वरची अमुकवाडी का खालची?"

"एकच आहे रे."

"एकच वाडी आसंल तर मंडळ कशाला? भांडायचं कुनाशी?"

सगळ्या वर्गाला पटलं. मग झाली वरची आणि खालची. खिडकीकडचे वरचे, दाराकडचे खालचे. राहुल वरच्या वाडीचा पुढारी, तेजश्री खालच्या वाडीची. आता खजिनदार कोण? एका वाडीचा घ्यावा तर दुसरी ऐकेना. शेवटी सर्वांनी मिळून अरीबाला केलं. अरीबा महाडची, घरचा ट्रकचा धंदा, मुलगी नाकासमोर चालणारी, कुठल्याच वाडीशी हिचं वाकडं नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी होते. पण आमच्याकडे जमातीचा हिशोब माझी दादी बघते, नुरजहाँ दादी, आणि तिनं मला एकच शिकवलंय, पावतीशिवाय रुपया नाही. मग नंतर माझ्या नावानं कुणी ओरडायचं नाही." आणि हिशेबतपासनीस? मुसैब. का, तर बाकी कुणी तयारच होईना! तेव्हाच सरांनी ओळखायला हवं होतं. पण सर खूश! पहिल्यांदा पोरं घरून आकडे मांडून आणत होती! वर्गणी, देवळाचे पत्रे, पाण्याची टाकी, शिमग्याच्या पालखीला नवा दांडा... सगळं काल्पनिक, पण काय तपशील! सरांना वाटलं, वाचलो. प्रत्यक्षाची मजाच वेगळी!

मजा! काही म्हणा, ऑनलाइनला हाड मोडत नाही!

समिती आली. गुलाब दिले, चहा दिला, बिस्किटं दिली. समितीत एक बाई, एक गृहस्थ, ते दोघं शेवटपर्यंत बिस्किटापलीकडे गेले नाहीत. आणि प्रमुख, डॉक्टर सयाजी साळुंखे. मुंबईचे, सूट, टाय, बोलणं असं की दूरदर्शनच्या बातम्या झक मारतील. पहिल्या बाकावर बसले, पायावर पाय, म्हणाले, "करा प्रारंभ." प्राचार्य कोपऱ्यात हात जोडून.

अरीबानं जमाखर्च वाचला. काय वाचला! स्पष्ट, खणखणीत, एकेक कलम. डॉक्टर साळुंखे मान डोलावतायत. सरांनी मनातल्या मनात मेहुण्याला सांगून टाकलं, पूस तुझी फरशी तूच! आणि मग आनंदाच्या भरात सरांच्या तोंडून ते वाक्य गेलं. आपल्याकडे सभेत नियमच आहे तो, जमाखर्च वाचला की विचारायचं. सरांनी विचारलं,

"जमाखर्चाला कोणाची हरकत?"

आता तुम्हाला सांगतो, बाहेरच्या माणसाला ह्या वाक्याचं काही वाटणार नाही. पण आपल्याकडचं पोर हे वाक्य पाळण्यापासून ऐकतं! मे महिन्यात, मंडपात, आईच्या मांडीवर बसून! आणि हे वाक्य झालं रे झालं की आई पोराला काखेत मारते आणि घराकडे पळते, कारण ह्याच्या पुढचं जे असतं ते दगडांचं असतं! ते रक्तात गेलंय हो! सरांनी वाक्य उच्चारलं आणि पुढच्या बाकावरच्या हुशार पोरांनी चष्मे काढून खिशात ठेवले. पोरींनी ओढण्या कमरेला बांधल्या. बाह्या वर गेल्या. कुणीतरी मागचं दार आतून लावलं!

"हरकत हाय!" राहुल उठला. "दांडा लिवलाय सागाचा, आन् आनलाय स्वस्तातल्या ऐनाच्या लाकडाचा!"

सर हसले. बिचारे. म्हणाले, "राहुल, दांडा काल्पनिक आहे बाळा."

"काल्पनिक आसला म्हनून काय झालं? साग त्यो सागच!"

तिकडून तेजश्री. "दांड्याचं कौतिक सांगतोस व्हय रे? टाकी वरच्या वाडीत बांधलीत त्येचं बोल! आमच्या खालच्या वाडीला पानी कुठाय?"

"टाकी कुठे आहे तेजश्री? टाकी कागदावर आहे!" सर ओरडले.

"मंग कागदावर आमच्याकडंबी नळ काढा की!"

"नळाची वर्गणी भरलीत का गो तुमी?"

"आमची वर्गनी काढतोस? तुज्या वाडीनं पालखी आमच्या दारात नाचवली नाय, तवा कुठं गेल्ती वर्गनी?"

पालखी! जी पालखी नव्हतीच, ती कुणाच्यातरी दारात नाचली नव्हती! ह्यावर कायदा काय करणार, विद्यापीठ काय करणार, रिझर्व्ह बँक काय करणार? आणि नेमका ह्याच वेळी मुसैब उभा राहिला. शहाणा! म्हणाला, "मी तपासलंय सगळं. हिशोब बरोबर हाय."

फाट्!

आपल्याकडची रीतच आहे, पहिली हिशेबतपासनिसाला. कुणी मारली ते अजून निघालं नाही, पण अशी बसली की मुसैब जागच्या जागी फिरला आणि फिरता फिरता त्यानं दोघांना पाडलं. तो खालून ओरडतोय, "आरं मी नाते गावचा! माजा काय संबंध रे तुमच्या वाडीशी?" आणि अरीबा... ती नाकासमोर चालणारी मुलगी... तिनं आधी जमाखर्चाचा कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. मग स्टीलचा डबा काढला. "माझ्या हिशोबाच्या माणसाला हात लावला?" आणि राहुलच्या डोक्यात ठण्णकन! अहो, तो आवाज एसटी डेपोत ऐकू गेला! पोलादपूर गाडीचा कंडक्टर घंटी मारेना, म्हणाला, "निकाल लागू द्या, मग सोडतो!"

आणि मग जी सुरू झाली! बाकं उभी राहिली, म्हणजे पोरांनी केली. वरच्या वाडीनं खिडकीकडून बाक लोटलं, खालच्या वाडीनं दाराकडून, मधे जो होता त्याचे पोहे झाले. कुणाचं दप्तर, कुणाची चप्पल, कुणाचा दात! डस्टर उडालं ते पंख्याला लागलं, पंख्याचं पातं वाकलं, तो पंखा आजही वाकडाच फिरतो, हवा फक्त खालच्या वाडीला देतो! एकानं एकाला फळ्यावर असा चेपला की त्याच्या पाठीवर ताळेबंद उमटला, आणि तुम्हाला सांगतो, जुळत होता! तेजश्रीनं एका हातानं राहुलचे केस धरलेत, दुसऱ्या हातानं गुद्दे, आणि प्रत्येक गुद्द्याला एक कलम. "ही टाकी! ह्ये पत्रं! आन् ह्यो तुजा सागाचा दांडा!"

आणि सर? सर मधे उभे राहून हवेत अंगठा दाबतायत. हवेत! म्यूटचं बटण शोधतायत हो बिचारे! सवय! दाबतायत, दाबतायत, कुणी म्यूट होईना! तेवढ्यात बाक पाठीत बसलं आणि सर कळवळून टेबलाखाली शिरले. तर टेबलाखाली कोण? प्राचार्य! आधीच! गुडघे पोटाशी घेऊन! सर म्हणाले, "जरा सरकता का?" प्राचार्य दात ओठ खाऊन म्हणाले, "उतेकर, तास तुमचा आहे. तुम्ही बाहेर व्हा!" आणि लाथेनं ढकलले!

काही म्हणा, ऑनलाइनला... नाही, थांबा, अजून हाड मोडायचंय.

सर बाहेर लोळत आले ते थेट डॉक्टर साळुंख्यांच्या बुटांपाशी. डॉक्टर उभे राहिले होते. हात वर केला. काय रुबाब! पोरं क्षणभर थांबली, ज्याची गचांडी हातात होती ती तशीच धरून. डॉक्टर त्या बातम्यांच्या आवाजात म्हणाले, "शांत व्हा. मूळ मुद्दा काय आहे? दांडा. त्या दांड्याचा ठराव कोणी केला होता?"

अरीबानं डबा खाली घेतला. म्हणाली, "मुंबई मंडळानं, सर. साग म्हणून."

"आणि खरेदी?"

"गावानं."

आणि सरांनी खालून पाहिलं, डॉक्टरांच्या मानेची शीर तटतटली. पायापासून काहीतरी वर वर येत होतं, सुटातून, टायमधून, थेट तोंडापर्यंत. आणि तोंड उघडलं ते विद्यापीठाचं नव्हतंच! "मुंबईनं साग ठरीवला, आन् गावानं ऐन आनला? आरं, तुमी गाववालं हायतच तसलं! आमी थितं शिफ्टा करायच्या, वर्गनी धाडायची, आन् हिशोब मागितला का, 'तुमाला गावचं काय कळतंय?'"

हे निघाले वरंधच्या बाजूचे! गेली वीस वर्षं आपल्या गावच्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी! आणि वीस वर्षं मार खाऊन परत जात होते! कोट काढला, टाय डोक्याला बांधला आणि एकटा माणूस, तुम्हाला सांगतो, एकटा, दोन्ही वाड्यांवर चालून गेला!

आणि काय चमत्कार! आत्तापर्यंत एकमेकांचे दात पाडणारे राहुल आणि तेजश्री एका आवाजात ओरडले, "मुंबईवाला आला रं!" वरची वाडी आणि खालची वाडी एक! केस सोडले, गळ्यात हात घातले आणि सगळे मिळून डॉक्टरांवर! साठ वर्षांचा माणूस, पण वीस वर्षांची थकबाकी अंगात! एकाला कोपर, एकाला ढुशी, राहुलला असा उचलून आपटला की खालचं बाक दुभंगलं. मग वळले, आणि समोर दिसले उतेकर सर.

"तू रं? सभा तू चालीवलीस ना? तूच गावचा सेक्रेटरी! हिशोब दे!"

"साहेब, मी प्राध्यापक आहे!"

"मीबी प्राध्यापक हाय! हिशोब दे!" आणि डावा हात धरला, आणि पिरगाळला, आणि...

कडाक्!

आता म्हणा. सगळ्यांनी म्हणा. ऑनलाइनला हाड मोडत नाही!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काय झालं, तेही सांगतो. सरांच्या शेजारच्याच खाटेवर डॉक्टर साळुंखे, डोकं बांधलेलं, पुन्हा बातम्यांच्या आवाजात. सर भिंतीकडे तोंड करून पडलेले. आता काय राहिलं होतं? समितीच्या प्रमुखाच्या डोक्याला टाके पडलेत, तास गेले, उद्यापासून शहाबादी. बिचाऱ्यांना रडू फुटलं. एवढ्यात पोरं आली. सगळी! कुणाच्या डोळ्याखाली काळं, कुणाच्या नाकात कापूस, मुसैबच्या गालावर अजून पाची बोटं. शहाळी घेऊन आली होती. आणि सरांना वाटलं, माफी मागायला आली असतील, तर राहुल म्हणतो, "सर, दांड्याला तीन कोटेशनं घ्याया पायजे हुती. तिथं चुकलं."

अरीबा म्हणाली, "आणि खरेदीवर दोघांच्या सह्या. एक गावाची, एक मुंबईची."

तेजश्री म्हणाली, "आन् टाकीचा पैका येगळ्या खात्यात. म्हंजे कुनी खायाचं नाय." आणि पुढं, "सर, घरी जाऊन मी आमच्या मंडळाचा खरा जमाखर्च मागितला. बाबा म्हनलं, पोरी, पैल्यांदा कुनीतरी नीट इचारलं."

सर उठून बसले. हात दुखत होता की काय, तेही विसरले. कारण एवढी वर्षं त्या काळ्या चौकोनांना "समजलं?" विचारलं आणि सगळे "येस सर" म्हणाले, आणि आज कुणी येस सर म्हणत नव्हतं, आणि सगळ्यांना समजलेलं होतं! शेजारच्या खाटेवरून डॉक्टर साळुंखे हळूच म्हणाले, "दोन सह्यांचं बरोबर बोलतेय ती पोरगी. मी आमच्याकडं वीस वर्षं तेच सांगतोय."

आणि मग आला अहवाल. डॉक्टरांनी खाटेवरूनच सांगून लिहवून घेतला. विद्यार्थ्यांचा सहभाग, अभूतपूर्व. विषयाची गोडी, तीव्र. हा विषय ऑनलाइन शिकवणे निरुपयोगी, प्रत्यक्षच शिकवावा. तास चालू! मेहुण्यानं फरशी स्वतः पुसली! आम्रपाली वहिनींनी पेढे वाटले... आणि पेढा तोंडात असतानाच सरांनी खालची ओळ वाचली. सदर प्रात्यक्षिक जिल्ह्यातील सर्व महाविद्यालयांत राबवावे. प्रत्येक ठिकाणी स्वतः उपस्थित राहून सभा चालवण्यासाठी समन्वयक, श्री. सहदेव उतेकर. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, रोहा... तुम्हाला सांगतो, रोह्याकडची सभा कुणी पाहिली आहे का? मी पाहिली आहे. तिथं पहिली हिशेबतपासनिसाला नसते. तिथं पहिली असते ती सभा चालवणाऱ्याला!

सरांनी काय करावं? नाही म्हटलं तर शहाबादी, हो म्हटलं तर उजवा हात. गेले. गळ्यात झोळी, झोळीत डावा हात, आणि गेले विम्याच्या एजंटाकडे. रितेश नाव त्याचं, सरांचाच जुना विद्यार्थी, काळ्या चौकोनातला. म्हणाले, "बाबा रे, मेडिक्लेम, अपघात, जे असेल ते सगळं काढ." रितेशनं आदरानं खुर्ची दिली, पाणी दिलं, पेन उघडलं. "व्यवसाय काय लिहू सर?"

"लिही. आर्थिक साक्षरतेचा शिक्षक."

"वा! ऑनलाइन की प्रत्यक्ष?"

"प्रत्यक्ष."

रितेशनं सरांच्या हाताकडे बघितलं, भुवईकडे बघितलं, पेनाला हळूच टोपण लावलं आणि म्हणाला, "सर, मी मुंबईच्या ऑफिसला विचारून बघतो हां... पण त्यापेक्षा असं करा ना, घाटातल्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागा. त्यांना आम्ही देतो."